आंब्याचा रस आणि ओलं लाकूड

आमच्या घरात भांडं पडलं की कुणी दचकत नसे. उलट आप्पा दुकानाच्या गादीवरूनच ओरडून सांगायचे, "पितळी तांब्या! पोचा न्हाई पडला, उचला!" चौसाळ्याच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान, दुकानामागं घर आणि घरामागं परसात पत्र्याची शेड, असं सगळं एका ओळीत होतं. पुढच्या दारातून शिरलेलं मांजर मागच्या दारानं बाहेर पडेपर्यंत पितळ, जर्मल, नवंनवं आलेलं स्टील, माझी माय, चूल आणि म्हैस असं सगळं बघून घ्यायचं. आप्पा भांडं बोटाच्या पेरानं वाजवून त्याची जाडी सांगत. भांडं कुणाच्या घरी किती टिकेल हेही सांगत, पण ते गिऱ्हाईक गेल्यावर. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि बोलण्यात असा ठामपणा, की ते चुकीचं सांगत असले तरी ऐकणाऱ्याला आपलीच चूक वाटावी.

दुकानात लाकडाचा माल तसा थोडाच. लाटणी, रव्या, पोळपाट. तो गावातले रसूलचाचा पुरवायचे. म्हातारपणी चाचांना दिसेनासं झालं आणि ते मुलाकडे पुण्याला निघाले. जाताना आपला खराद आप्पांच्या हवाली करून गेले. खराद म्हणजे एक लांब लाकडी पाट, त्यावर दोन खुंट आणि मधे फिरणारा दांडा. दांड्याला लाकूड बसवायचं, ते गरगर फिरायला लागलं की धारदार पटाशी टेकवायची, मग लाकूड संत्र्याच्या सालीसारखं सुटत जातं आणि आतून गोल वस्तू निघते. निदान चाचांच्या हातून निघायची. आप्पांनी खराद शेडमध्ये मांडला आणि जाहीर केलं, "आता लाटणी घरीच करायची. काय लागतं त्येला? लाकूड आपलं आपण फिरतं, आपण निस्ती पटाशी धरायची."

आप्पांनी पहिलं लाटणं करायला घेतलं, ते मधे बारीक झालं. मग त्याच्या दोन रव्या करू म्हणाले. त्यातली एक मोडली, दुसरीचा भोवरा झाला. पुढच्या आठवड्यात पोळपाटाचं झाकण झालं आणि झाकणाचा भोवरा झाला. काहीही करायला घेतलं तरी शेवटी आप्पांच्या हातात भोवराच उरायचा. त्या उन्हाळ्यात चौसाळ्यात भोवरा नसलेलं पोर शोधून सापडलं नसतं. कपाळाच्या भस्मावर भुसा बसून आप्पा दिवसभर पिवळे दिसायचे आणि त्याच कपाळानं गादीवर जाऊन गिऱ्हाइकाला स्टीलचे फायदे सांगायचे.

चाचांच्या वेळी खरादाची दोरी ओढायला माणूस लागायचा. आप्पांनी ते काम आपल्या जुन्या सायकलीवर सोपवलं. सायकल घोडीवर उभी केली, मागच्या चाकाचा टायर काढून त्यावरून पट्टा घेतला आणि तो खरादाच्या दांड्याला जोडला. आता सायकलवर बसणार कोण? दुकानातला गडी दोन दिवसांत गुडघे धरून बसला. तेव्हा माय चुलीपुढून उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि म्हणाली, "मी बसते."

मायला जन्मात कुणी सायकलला हात लावू दिला नव्हता. घोडीवरची सायकल पडायची भीती नाही, गावात कुणाला दिसायची भीती नाही. दुपारची भांडी झाली की माय सायकलवर चढायची आणि आपल्या माहेरी निघायची. तिचं माहेर पाली. धरणाच्या जवळ, बीडच्या वाटेवर. पाय मारता मारता ती मोठ्यानं सांगायची, "पेठ सुटली... आता हायवे लागला... मांजरसुंबा आला, इथं भजी खाऊ..." सगळं ठीक चालायचं, पण घाट आला की मायचे पाय थांबायचे. आप्पांची पटाशी लाकडात अडकायची, लाकूड उडून म्हशीच्या दावणीत जाऊन पडायचं.

"आगं, थांबलीस कावून?"

"उतार हाय," माय शांतपणे म्हणायची. "उतारावर कोन पाय मारतं व्हय?"

आता माझ्याकडे विजेची मोटर आहे. तिला माहेर नाही, त्यामुळे ती मधेच थांबत नाही. पण तिच्याशी बोलताही येत नाही.

मी तेव्हा दहावी होऊन घरी होते. पुढचं कॉलेज बीडला, आणि मला बीडला ठेवायचं की नाही यावर घरात नुसती चर्चा चालली होती. एके दिवशी आप्पांना दुकानात हाक आली, ते पटाशी तशीच ठेवून गेले. माय पालीला पोचायची होती, ती काही थांबेना. फिरतं लाकूड समोर होतं. मी पटाशी उचलली. कशी धरायची ते मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आप्पा कशी धरतात ते बघितलं होतं, म्हणून मी बरोब्बर त्याच्या उलट धरली. लाकडातून एक लांबलचक ओलसर पट्टी सुटली आणि माझ्या मनगटावर बांगडीसारखी वळली. जांभळाचं लाकूड होतं ते. त्याचा जरासा तुरट वास नाकात शिरला आणि तो आजतागायत बाहेर आला नाही. संध्याकाळपर्यंत एक वाटी झाली. तिची कड एका बाजूला जाड होती, पण ती वाटीच होती, भोवरा नव्हता. आप्पांनी ती हातात फिरवून फिरवून पाहिली, सवयीनं पेरानं वाजवली आणि म्हणाले, "मी शिकवलं म्हणून जमलं."

त्यानंतर पटाशी माझ्याकडे आली आणि आप्पा लाकूड गोळा करायला लागले. फळझाडांचं लाकूड हे त्यांचं वेड. "जे झाड खायाला देतं, त्येच्यातच खायाचं," असं ते म्हणत, पण खरं कारण असं की कुणाच्या शेतात आंबा वठला, पेरू वाळला, सीताफळाचं खोड मोडलं, की लोक आप्पांना बोलावून ते फुकट देत. पेरूचं लाकूड गुळगुळीत आणि शहाणं. बोरीचं लालसर पण हट्टी, पटाशीची धार खाणारं. सीताफळाचं खोड बारीक, त्यात जेमतेम चटणीची वाटी निघे. आणि आंबा म्हणजे मोठा, मऊ, मोकळा, पण ओला असला की महालबाड. कातताना सगळं ऐकतो आणि वाळताना आपल्या मनाचं करतो. माझं पहिलं आंब्याचं वाडगं वाळून असं वाकडं झालं, की मायनं त्यात चिमण्यांना पाणी ठेवलं. मग मला कळलं की ओल्या लाकडाचं वाडगं आधी जाड ठेवायचं, त्याच्याच भुशात पोत्यात पुरून सावलीत वाळू द्यायचं, आणि पुरतं वाळल्यावर पुन्हा खरादावर चढवून पातळ करायचं. शेवटी पॉलिश पेपरनं घासायचं आणि करडीचं तेल चोळायचं. तेल मुरलं की लाकडातल्या रेषा अशा वर येत, जणू आत कुणीतरी दिवा लावला आहे. ढलप्या चुलीत जात. आमच्या भाकरीला त्या काळात कधी पेरूचा, कधी जांभळाचा वास यायचा, आणि येसराच्या आमटीत भुसा निघाला तर कुणी बोलत नसे, बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवत.

असं वर्ष सरलं, कॉलेजची चर्चा चर्चाच राहिली आणि माझ्या आत्याबाई आल्या. आप्पांच्या थोरल्या बहीण. त्या बीडला राहायच्या आणि येताना कधी रिकाम्या हातानं येत नसत. या वेळी त्यांनी स्थळ आणलं होतं. मुलगा केजकडचा, आयटीआय करून साखर कारखान्यात लागलेला, घरी बागायत. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तो आता आजोबा असेल आणि त्याच्या घरातलं कुणीतरी हे वाचेल. आत्यांनी शेडमध्ये डोकावून खराद पाहिला, सायकलवरच्या मायला पाहिलं, माझ्या केसांतला भुसा पाहिला आणि कपाळाला हात लावून खाली बसल्या. मग आप्पांना म्हणाल्या,

"शिवा, वाण्याची पोर हाय का खरादी हाय? पावनं येणार हायती. त्या सामानावर पोतं टाक आधी."

पाहुणे आले तेव्हा आंब्याचे दिवस होते. जीपभर माणसं उतरली. मुलगा, त्याचे आईवडील, काका-मामा आणि सगळ्यांच्या पुढं मुलाचे आजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या उंच, सडपातळ, परीटघडीचं धोतर असं पांढरं की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. बेत आमरस, पोळ्या, कुरडया आणि आमटीचा. आत्या मला आतल्या खोलीत धरून साडीच्या निऱ्या घालत होत्या, त्यामुळे बाहेर आप्पा काय करतायत हे मला दिसत नव्हतं. आप्पांनी स्टीलच्या वाट्या बाजूला सारल्या होत्या आणि फळीवरची माझी लाकडी वाडगी उतरवून पाटांपुढं मांडली होती. मायनं हटकलं तर म्हणाले, "कळू दे की त्येंना, पोरगी काय करती ती." एक वाडगं कमी पडलं. मग त्यांनी शेडमधल्या पोत्यात हात घातला आणि भुशातून सगळ्यांत मोठं, सगळ्यांत देखणं वाडगं काढलं. ते पालीच्या मामानं पाठवलेल्या आंब्याचं होतं, नुकतंच कातून मी वाळत घातलेलं. सगळ्यांत मोठं, म्हणून ते सगळ्यांत थोरल्या पाहुण्याला, तात्यांना दिलं.

दाराच्या फटीतून मी पाहिलं तेव्हा जेवण निम्म्यावर आलं होतं. तात्यांनी वाडगं मांडीवर घेतलं होतं आणि ते विलक्षण ताठ बसले होते. इतकं ताठ कुणी जेवत नाही. मग मला त्यांचा डावा तळहात दिसला. तो वाडग्याच्या बुडाखाली ओंजळीसारखा धरलेला होता. बोटांच्या फटीतून केशरी थेंब गळत होते, एकामागून एक, पांढऱ्या धोतरावर. भरल्या पंक्तीतून उठणं त्यांच्या रीतीत बसत नसावं. ते गळता रस तळहातात धरत होते, मधेच तळहात तोंडाला लावत होते आणि आप्पांच्या पावसापाण्याच्या गप्पांना मान डोलावत होते.

शेवटी आप्पांनी आग्रह केला, "तात्या, रस घ्या अजून."

"घेतो की," तात्या म्हणाले. "पण तुमचा आंबा अजून रडतोय वो, आप्पा." आणि त्यांनी वाडगं उचलून दाखवलं. धोतरावर भाकरीएवढा केशरी गोल उमटला होता.

मग आत्या आतून धावत गेल्या. "अगं बाई! फसवलं मेल्यांनी! त्ये लातूरच्या बाजारातून आणलेलं वाडगं हाय, आमच्या घरचं न्हाई!"

हे मला सहन झालं नाही. मी बघण्याच्या कार्यक्रमातली मुलगी आहे, खाली मान घालून चहा घेऊन जायचं आहे, हे सगळं मी विसरले. तशीच अर्ध्या निऱ्यांत बाहेर गेले.

"न्हाई! मी केलंय ते. आणि ते वाढायचंच न्हवतं! ओलं हाय ते, वाळत घातलं होतं मी!" तात्यांच्या हातून वाडगं घेतलं, उजेडाकडे धरलं, त्यात उरलेला रस त्यांच्या गुडघ्यावर सांडला. "हे बघा, इथं झाडाचा गाभा येतो. गाभ्यापासून अशी चीर जाते. अजून महिनाभर भुशात ठेवलं असतं तर गेली नसती, पण हे आप्पा..." आणि आप्पांकडे बघताना मला एकदम सगळी पंगत दिसली. हातातले घास हातात होते. आत्यांनी डोळे मिटले होते.

"पोरगी बोलती," मुलाची आई म्हणाली.

"बोलती की," तात्या म्हणाले, पण त्यांच्या बोलण्याचा सूर वेगळा होता.

मग मुलानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पण खराद फिरतो कशानं?"

"सायकलनं."

"सायकल कोन चालवतं?"

स्वयंपाकघराच्या दारातून, हातात पोळी घेऊन, माय म्हणाली, "मी."

हात धुवून सगळी पंगत शेडमध्ये गेली. पोतं निघालं. मुलानं पट्टा पाहिला, दांडा पाहिला, आणि एखादं लहान लेकरू जत्रेतल्या घोड्यावर चढावं तसा सायकलवर चढला. त्या काळी पायाशी घोळदार असलेल्या पँटींची फॅशन होती. त्यानं जोरात पाय मारले, खराद भणाणला, आणि पँटीचा घोळ साखळीत गेला. टर्रकन आवाज झाला आणि गुडघ्यापर्यंत पँट उसवली. तो खाली उतरला, आपल्या उघड्या नडगीकडे पाहिलं आणि खदखदून हसला. मला ते हसणं आवडलं. एवढं इथं लिहून ठेवते, आता कुणाचं काही बिघडायचं नाही.

जीप निघाली तेव्हा आजोबा आणि नातू दोघंही आमच्या आप्पांची धोतरं नेसून बसले होते. धूळ खाली बसल्यावर आत्या म्हणाल्या, "धोतरं गेली, स्थळबी गेलं."

त्या दिवशी हसू आलं, पण दुसऱ्या दिवसापासून घर मुकं झालं. आत्यांनी आप्पांना बजावलं होतं, की हे असंच चाललं तर पोरीला दाराशी कुणी उभं करणार नाही, हा खराद फोडून चुलीत घाल. आप्पांनी फोडला नाही, पण त्यावर पोतं टाकलं आणि वरून दोरी बांधली. मी शेडमध्ये गेले तेव्हा ते दोरीची गाठ उगाच घट्ट करत होते.

"आप्पा, मला विचारायचं तरी. ते वाडगं काढू दिलं नसतं मी."

"विचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस."

"मग?"

"म्हणून तर विचारलं न्हाई." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "मला वाटलं, एकडाव त्येंनी बघावं. स्टील काय, कुणाच्याबी घरी असतंय." मग गाठ पुन्हा ओढत म्हणाले, "आक्का म्हणती त्यात खोटं काय हाय? माझ्या हौसंपायी तुझं नुकसान नगं."

आप्पांना एखाद्या गोष्टीची खात्री नाही, असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस दुपार झाली की माय ओसरीवर येऊन बसायची आणि पाय नुसते हलवायची. माझ्या हातांना काय करावं कळायचं नाही. मी धान्य निवडायचे, निवडलेलं पुन्हा निवडायचे.

आणि एका सकाळी एसटीतून तात्या उतरले. एकटे. एका हातात धुऊन घडी केलेली आप्पांची धोतरं, खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा. ओसरीवर टेकून, पाणी पिऊन, त्यांनी आधी धोतरं आप्पांच्या हातात दिली आणि मग सरळच सांगितलं, "सुनेचं मन न्हाई. पोरगी लई बोलती, म्हणती. मला तर तेच पटलं होतं, पण घर तिनं सांभाळायचं हाय. मी म्हणलं, निरोप धाडण्यापेक्षा आपणच जाऊन सांगावं."

आप्पांनी मान हलवली. मला वाईट वाटलं आणि लगेच मोकळंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मला अजून सांगता येत नाही.

"आता माझं काम," म्हणत तात्यांनी पोतं सोडलं. "कवठ हाय. आमच्या विहिरीवरचं. वठून लई वर्षं झाली, तवापासून गोठ्यात पडून हाय. ओलं न्हाई बरं का, पोरी!" ते माझ्याकडे बघून हसले. "माझ्या म्हातारीचा हात कापतो. जर्मलची वाटी हलकी, ती उलटती, मग म्हातारी दुसऱ्याच्या हातानं जेवायला लाजती आणि अर्धपोटी उठती. त्या दिवशी तुमचं वाडगं मांडीवर होतं, गळत होतं, पण हललं न्हाई. तसं एक पायजे. जड बुडाचं."

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी तात्यांकडे पाहिलं. मग आप्पा शेडकडे गेले आणि स्वतः घट्ट केलेली गाठ दातांनी सोडायला लागले. मायला हाक मारावी लागली नाही, ती केव्हाच सायकलवर होती. कवठाचं लाकूड पिवळसर, दाट, मायेचं. मी त्याला पसरट बुड ठेवलं, कड आत वळवली म्हणजे घास बाहेर सांडू नये, आणि धरायला बोट बसेल अशी एक खाच बाहेरून फिरवली. तात्या दिवसभर शेजारी पालथ्या टोपलीवर बसून राहिले. त्या दिवशी माय घाटातही थांबली नाही.

तेल मुरायला दिवस लागतात, म्हणून मी त्यांना करडीच्या तेलाची बाटली दिली आणि रोज चोळायला सांगितलं. जाताना दुकानातून बाहेर पडता पडता ते थबकले. फळ्यांवर ओळीनं मांडलेलं स्टील पाहत आप्पांना म्हणाले, "एवढं दुकान हाय तुमचं, आणि पोरीची वाडगी घरात कावून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गादीसमोरच्या फळीवरचे स्टीलचे डबे आप्पांनी उतरवले आणि तिथं माझी वाडगी मांडली. आत्यांना काय सांगायचं ते मी सांगीन, म्हणाले. आणि दुपारी आत हाक आली, "नंदे, भायेर ये. गिऱ्हाईक तुझं हाय."

आमच्या घरची मुलगी दुकानाच्या पुढच्या बाजूला कधी आली नव्हती. मी हात पुसत गेले. बाजाराला आलेली एक बाई फळीशी उभी होती. तिनं पेरूच्या लाकडाचं एक वाडगं फळीवर ठेवलं, बोटानं ढकललं, ते डुललं.

"ह्ये डुलतंय की."

"व्हय, डुलतंय," मी म्हणाले. "वाळताना बुड जरा वळलं. आणि आतून एक गाठ हाय, ती दिसती. ह्या बाजूची कडबी जाड हाय." आप्पा गादीवर जोरजोरात खोकायला लागले.

बाई हसली. "ऱ्हाऊ द्या. नातू हाय घरी, जेवायला लई पिडतो. ह्ये डुलतंय त्ये बघत बघत चार घास तरी जास्ती खाईल."

आप्पा कागदात बांधायला लागले, तर तिनं हातानंच नको म्हटलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तिनं वाडगं पदरावरून डोक्यावर उपडं घातलं, एका हातानं धरलं आणि ती एसटी स्टँडकडे चालू लागली.